ऋतू खिडकीबाहेर, कातरकाम बाईंच्या घरी

प्रश्न: एका प्राथमिक शिक्षिकेचं पत्र आहे. त्यांच्याकडे तिसरीचा वर्ग, पट चाळीसच्या आसपास आणि आठवड्यातून हस्तकलेचा एकच तास, तोही चाळीस मिनिटांचा. ऋतू बदलला की त्या मुलांकडून एक वस्तू करून घेतात: पावसाळ्यात घोटीव कागदाची छत्री, पानगळीत लाल-पिवळ्या पानांचं झाड, थंडीत कापसाचा हिममानव, उन्हाळ्यात हसरा सूर्य. वेळ पुरत नाही आणि कागद वाया जातो, म्हणून सगळे भाग त्या आदल्या रात्री घरीच कापून ठेवतात. वर्गात मुलं ते फक्त चिकटवतात. फलक छान दिसतो, मुख्याध्यापिका कौतुक करतात, पालक फोटो काढतात. यंदा मात्र एका मुलीने छत्री उलटी चिकटवली आणि तिच्यात निळे थेंब भरले. फलक लावताना बाईंनी ती हलकेच सोडवून सरळ केली. दुसऱ्या दिवशी ती मुलगी बराच वेळ फलकासमोर उभी होती, तिला स्वतःची छत्री सापडेना. ‘माझी नाहीये इथे,’ एवढंच म्हणून ती जागेवर जाऊन बसली. तेव्हापासून बाईंच्या मनाला ते लागून राहिलं आहे. शिवाय वर्गातली कितीतरी मुलं प्रत्येक पायरीला ‘बाई, बरोबर आहे का?’ असं विचारतात, तेही त्यांना खटकतं. त्या लिहितात, ‘मी काही कलाशिक्षिका नाही. मला वर्षभर पुरतील अशा, सोप्या, नीटनेटक्या आणि एका तासात होणाऱ्या नव्या कल्पना हव्या आहेत. आणि हेही सांगा, मी जरा जास्तच विचार करते आहे का?’

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही, तुम्ही जास्त विचार करत नाही आहात. फलकासमोर उभ्या राहिलेल्या त्या मुलीकडे तुमचं लक्ष गेलं आणि आठ वर्षांच्या पोरीचं एक छोटंसं वाक्य तुम्ही विसरला नाहीत. वर्ग बदलायला जे लागतं ते तुमच्याकडे आधीच आहे. राहिल्या कल्पना. त्या देते, पण तुम्ही मागितल्या तशा नाही. एका तासात होणाऱ्या, सगळ्यांच्या सारख्याच दिसणाऱ्या नव्या वस्तूंची यादी दिली, तर पुढच्या वर्षी तुम्ही हेच पत्र पुन्हा लिहाल. छत्रीच्या जागी फक्त होडी असेल.

आधी त्या मुलीचं पाहू, कारण ते थांबवून ठेवण्यासारखं नाही. उद्या तिला बाजूला घ्या आणि सरळ सांगा, ‘तुझी छत्री मी तुला न विचारता सरळ केली. तुला ती उलटीच हवी होती ना? पुन्हा तशी लावूया का?’ ती हो म्हणाली तर लावा. नको म्हणाली किंवा खांदे उडवून निघून गेली, तरी हरकत नाही. मुलांना मोठ्यांकडून लांबलचक समजावणी नको असते. आपली गोष्ट आपली होती, हे कुणीतरी मान्य केलं की पुष्कळ होतं. आणि खरं सांगू? उलटी छत्री म्हणजे पाणी साठवायचं भांडं. संपूर्ण फलकावर पावसाचा विचार केलेली छत्री बहुधा तेवढी एकच होती.

आता तुमच्या पत्रात न लिहिता गृहीत धरलेल्या दोन गोष्टी. पहिली अशी की फलकावर दिसतं ते मुलांचं काम आहे. त्यात कुणी काय केलं ते मोजून पाहा. रंग तुम्ही निवडले, आकार तुम्ही ठरवला, कातरकाम तुम्ही केलं आणि कोणता भाग कुठे बसणार हेही तुम्हीच ठरवलं. मुलांच्या वाट्याला फक्त डिंक आला. त्यांनी ‘बरोबर आहे का’ असं विचारण्यात नवल काही नाही. बरोबर उत्तर तुमच्या मनात आधीच तयार आहे हे त्यांना माहीत असतं, आणि ते उत्तर तपासून घ्यायला ती तुमच्याकडे येतात. हे मुलांच्या स्वभावातून आलेलं नाही, कामाच्या आखणीतून आलं आहे. आखणी बदलली की प्रश्न कमी होतात. हळूहळू होतात, पण होतात.

कातरकाम घरी आणून तुम्ही स्वतःची झोपही घालवता आणि मुलांच्या हाताचं सगळ्यात मोलाचं कामही. एका हाताने कात्री चालवायची आणि दुसऱ्या हाताने कागद फिरवत न्यायचा, ही दोन हातांची जुगलबंदी या वयात पक्की होत असते. ती कागद वाया घालवूनच येते. मग कागद रद्दीतला वापरा, पण वाया जाऊ द्या. कुणी अगदीच वेडंवाकडं कापत असेल तर ते मूल डावखुरं आहे का, तेवढं बघा. दहा माणसांत साधारण एक डावखुरं असतं, म्हणजे तुमच्या वर्गात तीन-चार मुलं निघू शकतात. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की वरचं पातं कापायची रेघच झाकतं, आणि बोटांच्या दाबाने पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात. त्या मुलाचा हात चांगलाच असतो, कात्री त्याची नसते. डाव्या हाताच्या दोन-तीन कात्र्या वर्गात असायलाच हव्यात.

वयाचा मुद्दाही आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ साली मुलांच्या चित्रकलेचे टप्पे मांडले, ते आजही उपयोगी पडतात. साधारण सात ते नऊ या वयात प्रत्येक मुलाचं झाड, माणूस, घर स्वतःच्या ठरलेल्या पद्धतीचं असतं. खाली जमिनीची एक रेघ, वर आभाळाची पट्टी, मधे मोकळी हवा, आणि घराच्या भिंतीतून आतली माणसंही दिसतात. नऊच्या आसपास ती स्वतःचं चित्र खऱ्या वस्तूशी ताडून बघू लागतात आणि तिथेच अनेकांच्या तोंडी ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य येतं. तुमचा वर्ग नेमका त्या वळणाच्या अलीकडे उभा आहे. अशा वेळी बाईंनी कापलेली सुबक छत्री हीच खरी छत्री असं ठरलं, तर स्वतःच्या वाकड्या छत्रीवरचा विश्वास आणखी लवकर जातो.

दुसरं गृहीतक मला जास्त महत्त्वाचं वाटतं. छत्री, हिममानव, हसरा सूर्य या ऋतूंच्या खुणा आहेत. त्या तयार पाकिटांतून आणि जुन्या फलकांवरून आपल्यापर्यंत येतात. मुलांनी तो ऋतू पाहिला की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. ज्या मुलाने बर्फ कधी हातात घेतला नाही ते हिममानव करतं, तेव्हा ते दुसऱ्या चित्राची नक्कल करत असतं. ऋतू मात्र तुमच्या वर्गाच्या खिडकीबाहेर आहे. ओल्या खोडाचा काळा रंग, दुपारी आखूड झालेली सावली, देठाशी हिरवं आणि टोकाशी तपकिरी असं अर्धवट वाळलेलं पान, काचेवर धरलेला श्वास. माझं एवढंच म्हणणं आहे: ऋतू हा हस्तकलेचा विषय करू नका, ऋतूलाच सामान करा. पाऊस, ऊन, माती, पानं, सावली यांच्याकडून काम करून घ्या. मुलांच्या हाती खरं काहीतरी आलं की चाळीस वस्तू सारख्या करायच्या म्हटल्या तरी होत नाहीत.

पाऊस घ्या. जाड ड्रॉइंग पेपरवर पाण्यात विरघळणाऱ्या स्केचपेनने मुलांना ठिपके, रेघा, हवं ते काढू द्या. मग तो कागद पाच-दहा सेकंद पावसात धरायचा आणि आत आणायचा. रिमझिम असेल तर ठिपक्यांभोवती बारीक फुलं उमटतात, जोराची सर असेल तर रंग ओघळून एकमेकांत शिरतात. एका मुलाने लवकर हात आत घेतला, दुसऱ्याने उशिरा, आणि दोन्ही कागद वेगळे झाले. लगेच प्रश्न उभा राहतो, असं का झालं? इथे तुम्हाला काही शिकवावं लागत नाही, मुलंच दुसऱ्या कागदाची मागणी करतात. पाऊस थांबल्यावर डबक्याच्या कडेने खडूची रेघ ओढा, अर्ध्या तासाने पुन्हा ओढा, मग पुन्हा. डबकं आटत जातं तशा एकात एक रेघा तयार होतात. ती आकृती कागदावर उतरवून रंगवायला दिली की पाहा काय काय निघतं. वर्गात बसूनच करायचं असेल तर मेणखडूने जोर लावून चित्र काढायचं आणि वरून पातळ जलरंगाचा हात फिरवायचा. मेण पाणी धरत नाही, त्यामुळे रेघा कोरड्या राहतात आणि भोवतीने रंग पसरतो. पांढऱ्या मेणखडूने पांढऱ्या कागदावर काढलेला पाऊस रंगाचा हात फिरताच दिसू लागतो, तेव्हा वर्गात जो आवाज होतो तो होऊ द्या.

पावसाळ्यानंतरची माती मला फार आवडते, म्हणून तिच्याबद्दल थोडं जास्त. मुलांना वेगवेगळ्या ठिकाणची मूठभर माती आणायला सांगा. ती वाळवायची, खडे काढायचे, जुन्या कापडातून चाळायची आणि थोडं पाणी, थोडा पांढरा डिंक घालून कालवायची. झाला रंग. लाल आणि पिवळी छटा मातीतल्या लोहाच्या संयुगांमुळे येते, काळपट छटा कुजलेल्या पालापाचोळ्यामुळे. हजारो वर्षांपूर्वीच्या गुहाचित्रांमधले तांबडे-पिवळे रंग अशाच लोहयुक्त मातीचे आहेत, हे मुलांना सांगा. आपण कालवलेली वाटी आणि ती चित्रं यांचा संबंध लागला की मुलं वाटीकडे वेगळ्या नजरेने बघतात. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग पावडर होऊन झडतो. पहिल्या वेळी झडू द्या, दुसऱ्या वेळी डिंक किती घालायचा ते मुलंच ठरवतील. काम झाल्यावर साबणाने हात धुणं मात्र सक्तीचं.

उन्हाचं काम आणखी सोपं आहे. स्वस्तातला गडद रंगीत कागद उन्हात लवकर विटतो, आणि एरवी हा दोष असला तरी इथे तोच कामाला येतो. कागदावर पान, किल्ली, कापलेला आकार ठेवून, वर खडे ठेवून तो कडक उन्हात सोडायचा. काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी, झाकलेला भाग गडद राहतो आणि बाकीचा फिका होतो. सगळेच कागद सारखे विटत नाहीत, म्हणून आधी एक तुकडा घरी तपासून घ्या. हौस असेल आणि शाळेला परवडत असेल तर उन्हात छाप उमटणारा तयार निळा कागद मिळतो. त्यामागचं तंत्र इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलं आणि पुढच्याच वर्षापासून वनस्पतिशास्त्रज्ञ ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशेवाळाच्या अशा निळ्या छापा काढून प्रसिद्ध केल्या. त्या छापा म्हणजे कॅमेऱ्याशिवाय काढलेले फोटोच. काही मिनिटं ऊन आणि मग साध्या पाण्याने धुणं, एवढंच करायचं असल्याने हे तुमच्या चाळीस मिनिटांत सहज बसतं.

सावलीचं काम तर वर्षभर चालवता येतं. मैदानात मोठा कागद अंथरायचा, त्यावर एखादं खेळणं किंवा बाटली ठेवायची, तिच्या तळाभोवती रेघ मारून जागा पक्की करायची आणि सावलीची कड गिरवायची. सकाळी एका रंगाने, मधल्या सुट्टीत दुसऱ्या, शाळा सुटताना तिसऱ्या. तीन सावल्या एकमेकींवर पडून जो आकार होतो तो कुणी पक्ष्याचा करतं, कुणी राक्षसाचा. तीन महिन्यांनी तीच बाटली, तीच जागा, तीच वेळ. सावलीची लांबी बदललेली असते, दिशाही सरकलेली असते. ऋतू म्हणजे काय, हे आठ वर्षांच्या मुलाला समजावण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही.

पानगळीत लाल-पिवळी पानं कापून देण्याऐवजी मुलांना पडलेली पानं गोळा करू द्या आणि जमिनीवर हिरव्यापासून तपकिरीपर्यंत एका ओळीत मांडू द्या. मांडताना भांडणं होतात, हे आधी की ते आधी? ती भांडणं म्हणजेच रंग बघणं. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवं हरितद्रव्य ओसरलं की तो दिसू लागतो. लाल मात्र बऱ्याच झाडांच्या पानांत त्याच वेळी नव्याने तयार होतो. खडू घासून पानाची छाप उठवायची असेल तर पान उलटं, शिरांची बाजू वर करून ठेवा, वर पातळ कागद, आणि खडूचं टोक न वापरता तो आडवा फिरवा. फार वाळलेलं पान चुरा होतं, म्हणून नुकतंच पडलेलं घ्या. एक सूचना मनापासून करते. कण्हेर, रुई, गुंजेच्या बिया, एरंडाच्या बिया अशा विषारी गोष्टी मुलांच्या हाती पडू शकतात. तुमच्या परिसरात काय आहे ते आधी फिरून बघा, चीक निघणाऱ्या झाडांना हात लावायचा नाही हा नियम करा, आणि झाडावरचं काहीही तोडायचं नाही, पडलेलंच उचलायचं, हाही.

थंडीसाठी बर्फच हवा असं नाही. तुमच्याकडे बर्फ पडत नसेल तर तो करूच नका. लवकर पडणारा अंधार घ्या, धुकं घ्या, लोकर घ्या. पुठ्ठ्याच्या दोन टोकांना खाचा पाडून त्यात दोरा ताणला की मुलांचा माग तयार झाला. त्यात एक दोरा वर, एक खाली असं लोकर विणत जायचं. हे तीन-चार आठवडे पुरतं आणि शांतपणे चालतं, त्यामुळे कमी बोलणारी मुलंही यात रमतात. बर्फ पडत असेल किंवा मुलांना त्याचं कुतूहलच असेल, तर हिमकणाची कापणी करा, पण खऱ्या हिमकणासारखी. हिमकणाला सहा बाजू असतात, बर्फातल्या पाण्याच्या रेणूंची मांडणीच षटकोनी असते म्हणून. सहाच का, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ साली विचारला होता, आणि विल्सन बेंटली नावाच्या एका अमेरिकन शेतकऱ्याने १८८५ पासून सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून पाच हजारांहून जास्त हिमकणांचे फोटो काढले. आपण सवयीने कागद अर्धा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा दुमडतो आणि आठ बाजूंचा कण करतो. त्याऐवजी गोल कागद अर्धा करा आणि त्या अर्ध्याच्या तीन सारख्या घड्या घाला. सहा थर होतात. कागद पातळ घ्या, लहान बोटांना सहा थर कापणं जड जातं. इथे तुम्ही आखून दिलेली घडी मला अजिबात चुकीची वाटत नाही, कारण घडी शिकवायची गोष्ट आहे आणि कात्री कुठे चालवायची ते प्रत्येकाचं प्रत्येकाकडे राहतं.

यावरून साच्यांबद्दल. साचे सगळे टाकून द्या असं मी म्हणणार नाही. कोऱ्या कागदासमोर गोठून बसणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात आणि ‘तुला हवं ते कर’ हे वाक्य त्यांना सगळ्यात भीतीदायक वाटतं. तुमच्यासमोर तीन वाटा आहेत. आत्ता चाललं आहे तसं चालू ठेवणं, ज्यात फलक सुबक दिसतो पण मूल दिसत नाही. पूर्ण मोकळीक देणं, ज्यात चार-पाच धीट मुलं बहरतात आणि बाकीची त्यांच्याकडे बघत राहतात. किंवा सामान मोजकं ठेवून आकार मोकळा सोडणं. माझा कौल तिसऱ्या वाटेला. ‘आज फक्त तीन रंगांचा कागद, कात्री नाही, हाताने फाडायचा, आणि सकाळी शाळेत येताना पाऊस कसा होता ते दाखवायचं.’ एवढी चौकट पुरते. सामान कमी असलं की बिचकणाऱ्या मुलाला सुरुवात सापडते आणि धीट मुलाला अडचण सापडते. दोघांनाही तेच हवं असतं. तंत्र दाखवायचं असेल तेव्हा एका चिठोऱ्यावर दाखवा आणि तो चिठोरा ठेवून द्या. तयार वस्तू नमुना म्हणून समोर टांगू नका, पन्नास वेळा ‘असंच करू नका’ म्हटलं तरी मुलं तसंच करतात.

तुम्ही कलाशिक्षिका नाही, याची काळजी इथे संपते. या कामांना सुबक हात लागत नाही, आधी एकदा स्वतः करून बघितलेलं असावं लागतं. कागद पावसात किती वेळ टिकतो, डिंक किती लागतो, कोणता टप्पा मुलांना अवघड जाईल हे त्यातून कळतं.

वेळेचं गणित वेगळं मांडा. एका तासात वस्तू पूर्ण झालीच पाहिजे, हे बंधन कुणी घातलं आहे? एक तास बघायला आणि गोळा करायला, एक तास तंत्राशी खेळायला, एक तास करायला. तीन आठवड्यांत एकच काम, पण मुलांचं. चाळीस जणांनी एकदम रंग कालवला तर गोंधळ होणारच, म्हणून ओलं काम एका वेळी दहा जणांना द्या आणि बाकीच्यांना त्याच विषयावरचं कोरडं, जागेवर बसून करायचं काम. नाव आणि तारीख आधीच, पेन्सिलने, कागदाच्या मागे. हे राहिलं की वाळल्यावर कुणाचं काय ते कळत नाही. पाण्याची भांडी रुंद बुडाची घ्या. दोरी आणि चिमटे लावून ठेवा. शेवटची दहा मिनिटं आवरण्याची, आणि ती मुलांनीच आवरण्याची.

बोलण्याबद्दलही सांगते, कारण ‘बरोबर आहे का’ यावर सगळ्यात मोठा इलाज तिथेच आहे. प्रत्येकाला ‘छान’ म्हणण्यापेक्षा जे दिसतं ते बोला. ‘इथे तू खडू जोरात दाबलास, म्हणून पाणी अडलं.’ ‘तुझी माती शेजारच्यापेक्षा लाल दिसते, कुठली आहे?’ मुलाने विचारलंच, तर ‘तुला काय दाखवायचं होतं?’ असं म्हणा आणि उत्तर आलं नाही तर आग्रह धरू नका. उत्कृष्ट वस्तूला तारा, बक्षीस, क्रमांक हे मात्र टाळा. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निसबेट या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या, मुळात चित्रांची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांच्या बाबतीत तसं झालं नाही. तुमची मुलं त्याहून मोठी आहेत, तरी आधी जाहीर केलेल्या बक्षिसाने आवडीला धक्का बसू शकतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मुख्याध्यापिकांना नीटनेटका फलक हवा असेल तर ती मागणी गैर नाही. नीटनेटकेपणा मांडणीत आणा, मुलांच्या कामात नको. सगळी चित्रं एकाच मापाच्या कोऱ्या कागदावर चिकटवा, सारखं अंतर ठेवा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा आणि खाली प्रत्येकाचं एक वाक्य त्याच्याच अक्षरात. मातीची चाळीस वेगवेगळी चित्रं अशी ओळीने लागली की फलक आधीपेक्षा देखणाच दिसतो. पालकांसाठी एक छोटी चिठ्ठी पुरे: या महिन्यात मुलं काय बघत होती, कशाने काम केलं आणि घरी पाठवलेली वस्तू दुरुस्त करू नये ही विनंती.

सामानाचं एक-दोन शब्दांत. रंग पाण्यातले आणि मुलांसाठी सुरक्षित असा शिक्का असलेले घ्या. गरम डिंकाची बंदूक फक्त मोठ्यांच्या हाती. पाण्यात फुगणारे मणी वर्गात आणूच नका, गिळले गेले तर ते पोटात जाऊन फुगतात. चमकी तर नकोच. ती बहुतेक वेळा प्लास्टिकचीच असते, युरोपियन युनियनने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी आणली आहे. चमकायलाच हवं असेल तर बारीक वाळू उन्हात पुरेशी चमकते.

हे वाचणाऱ्या पालकांसाठीही थोडं. घरी तयार संच आणण्याऐवजी एक खोकं ठेवा, त्यात मूल जे उचलून आणेल ते जमू द्या आणि पसारा करायला एक ठरलेली जागा द्या. त्या वेळी शेजारी बसा, हात घालू नका.

शेवटची एक कल्पना खास तुमच्या वर्गासाठी. खिडकीतून दिसणारं एक झाड निवडा. दर महिन्याला एकदा, त्याच मापाच्या कागदावर, प्रत्येकाने ते झाड करायचं. एकदा पेन्सिलने, एकदा मातीच्या रंगाने, एकदा फाडलेल्या कागदाने, एकदा त्याच्याच पानांच्या छापांनी. आधीचं चित्र समोर ठेवायचं नाही, ते तुमच्या कपाटात राहील. शाळेचं वर्ष संपताना प्रत्येकाचे कागद एकत्र शिवून ज्याचे त्याला द्या. पहिला कागद याच आठवड्यात घ्या, ऋतू बदलायची वाट बघू नका, आणि त्या रात्री घरी काहीही कापत बसू नका.